पिशवीबाहेरचा रस

"आतली पिशवी फुटली तर पेशी मरायलाच हवी! तुझा प्रयोग चुकलाय!" प्रयोगशाळेचे प्रमुख केबिनमध्ये गरजले. हाताखालची संशोधक शांतपणे म्हणाली, "सर, पेशी आपला कचरा पिशवीतल्या आंबट रसात पचवते. एखादी पिशवी फुटून थोडा रस बाहेर गळला, तरी बाहेर आंबटपणा नसतो. रसाची पचवायची ताकदच जाते. म्हणून पेशी स्वतःला खात नाही." "मला शिकवतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. बंद दाराआडची ही डरकाळी तिला पाठ झाली होती. आज तिने उठून दार सताड उघडलं. बाहेर संस्थेच्या संचालकबाई उभ्या होत्या. सरांची मूठ सुटली, कंबर वाकली, आवाजात साखर विरघळली. "या ना मॅडम! हिचंच कौतुक चाललं होतं!" तिला त्यांची कीवसुद्धा आली नाही. "प्रयोग बरोबरच आहे, सर," ती म्हणाली आणि दार उघडंच ठेवून गेली.