सोनमच्या हळदीचा धवला

शालनने नवरीसमोर पाट मांडला, पाटापुढे मूठभर तांदूळ ठेवले, पण पुतळाबाई काही पाटावर बसेनात. मांडवाच्या खांबाशी प्लास्टिकच्या खुर्चीत त्या पाहुण्यासारख्या थंडा पीत बसून राहिल्या. जासई गावात गेली चाळीस वर्षं हळद म्हटली की पुतळाबाईंचा धवला, म्हणजे लग्नातलं विधीचं गाणं, ठरलेला. ओळ धवलारणीने म्हणायची आणि बायकांनी ती तशीच्या तशी मागून म्हणायची. आज बायका तयार होत्या, हळद तयार होती, धवलारीणच तयार नव्हती.

"काकी, चला ना. पोरगी कवाची बसलीय," शालन म्हणाली. तिच्या एकुलत्या एक मुलीची हळद होती.

"मी आलीय ती पोरीला बोट लावायला. गायला नाय. तुजा डीजे हाय ना? लाव त्याला."

पुतळाबाईंचा मुलगा दिपेश पाण्याच्या बाटल्या वाटत होता, तो थांबला. "आई, अँजिओग्राफीत काय पण नाय निघालं. नळ्या साफ आहेत. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलला ना? उगाच टेन्शन घेते."

"ठोका तुज्या छातीत चुकतोय का माज्या?"

दिपेश बाटल्या घेऊन पुढे गेला.

तीन आठवड्यांपूर्वी मनगटातून तार घालून डॉक्टरांनी त्यांचं हृदय पाहिलं होतं. ब्लॉकेज नाही, हे ऐकून घरच्यांनी पेढे वाटले. पण ठोके चुकायचे ते चुकतच राहिले, उलट आता पुतळाबाईंचा कान सारखा त्या ठोक्यांकडेच लागला. डॉक्टर म्हणाले, धोका काही नाही, गोळी घ्या आणि सवय करून घ्या. सवय करून घ्या म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या चपलांची सवय होते, तशी ही होते का? पुतळाबाई भाजी निवडताना थांबत, जिना चढताना थांबत, आणि छातीतलं पुन्हा सुरू झालं की पुढची पायरी चढत.

मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. धवला त्यांना सासूने शिकवला होता, आणि शिकवताना बजावलं होतं, की धवला अर्ध्यात तुटला तर त्या पोरीचा संसारही अर्ध्यात तुटतो. चाळीस वर्षांत त्यांनी तापात गायलं, स्वतःच्या नवऱ्याच्या आजारपणात गायलं, पण एकही ओळ तोडली नव्हती.

सोनम पिवळ्या साडीत, हात पुढे करून बसली होती. ती वाशीला एका ऑफिसात कामाला होती, आणि लहानपणापासून हट्टी होती. तिने शालनच्या हातातली हळदीची वाटी बाजूला सारली.

"आजी, तुमी नाय गायलात तर मी हळद लावून घेणार नाय."

"अगं बाय माजे, मधीच बंद पडलं तं? तुज्या संसाराला लागंल ना ते. मना ते पाप नको."

"पडू दे बंद. परत चालू होईल तेवा पुढे म्हना. आमी काय पळून चाललोय?"

"तसं नसतं, बाय."

"मग बसा तुमी तिकडे. मी पन बसते."

आणि खरोखरच दोघी बसून राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डीजेवाल्याने दोनदा विचारून घेतलं. हळदीवर साय धरल्यासारखं झालं. शालनच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा मात्र पुतळाबाई उठल्या, पुटपुटत पाटावर येऊन बसल्या आणि डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवली.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. बायकांनी त्या मागून उचलल्या. पुतळाबाईंचा आवाज जरा बसका होता, पण हलत नव्हता. तिसरी ओळ त्यांनी घेतली.

"हलद दलिली कोनी गो, नवरीचे..."

आणि ठोका चुकला. छातीत धप्पकन काहीतरी बसलं आणि मागे नुसती पोकळी राहिली. श्वासच अडकला, शब्द कुठला निघतोय? शालनने पाटाची कड घट्ट धरली. दिपेश होता तिथून दोन पावलं पुढे आला. पुतळाबाईंना सासूचा चेहरा दिसला, मग सोनमचा. एक क्षण गेला, दुसरा गेला. बोटांखाली पुन्हा हललं.

"...मामीनी."

त्यांना घाम फुटला होता. झालं ते झालं, ओळ तुटली होती, सगळ्या गावासमोर तुटली होती. त्यांनी मान खाली घातली.

बायकांनी ओळ मागून उचलली. "हलद दलिली कोनी गो, नवरीचे..." इथे सगळ्या थांबल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, कुणी हसलं नाही. दोन क्षण थांबून मग एका सुरात म्हणाल्या, "...मामीनी."

पुतळाबाईंनी मान वर केली. बायका पुढच्या ओळीची वाट पाहत होत्या. सोनमने गाल पुढे केला, शालनने तिला हळदीचं पहिलं बोट लावलं.

"हलद लाविली कोनी गो, नवरीचे..."

पुतळाबाई थांबल्या. ठोका या वेळी चुकला नव्हता.