ओला कुंचला

संध्याकाळी धुऊन वाळत ठेवलेला कुंचला सकाळी ओला सापडू लागला, तेव्हापासून कारागिराच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. पिस्तूल ठेवायची चामड्याची नक्षीदार होल्स्टरं बनवणारं दुकान त्याचं आणि धाकट्या भावाचं. म्हणजे धाकटाच आपल्या कामात ढवळाढवळ करत असणार! शेवटी त्याने सापळा लावला. रंगवलेलं होल्स्टर फडक्याने घासलंच नाही. असा कच्चा रंग धरणाऱ्याच्या हाताला लागतो आणि दिवसभर निघत नाही. सकाळी धाकट्याचे हात उलटसुलट करून पाहिले. स्वच्छ! तेवढ्यात बायकोने चहा पुढे केला. तिची बोटं तपकिरी! “तूसुद्धा त्याला सामील?” तो कडाडला. “हल्ली कोरलेल्या पानांत तुमचा रंग पोचतच नाही. मीच भरते.” “थापा मारतेस?” पहाटे स्वतः रंगवलेलं, तिचा हात न लागलेलं होल्स्टर त्याने उन्हात धरलं. “दाखव, कुठे राहिलंय?” तिने त्याचं बोट कोऱ्याच राहिलेल्या पानावर टेकवलं. त्याला तिथेही तपकिरीच दिसत होतं.