चारी बाजूंनी खिडक्या

"ती वायर राहू दे. मूळचीच आहे," दादा म्हणाला.

धाकटा बसच्या कडेला उकिडवा बसला होता. बॅटरीच्या कप्प्याचं झाकण त्याने नुकतंच हातोडीने समजूत घालून उघडलं होतं. बिजागरी गंजलेली. तळाचा पत्रा वाळक्या पानासारखा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी अशी ऐसपैस पसरलेली, जणू भाडं भरून राहत होती.

"मूळची? मग कारखान्यातून बस टेप गुंडाळूनच बाहेर पडली का?"

"जुन्या काळी करायचे तसं."

ही बस स्टेशनपासून ऑफिसांपर्यंत माणसं न्यायची. निदान तशी अपेक्षा होती. हल्ली पहिल्या फेरीला माणसंच बसला नेत होती. टाय लावणाऱ्या एका गृहस्थांना तर ढकलण्याची इतकी गोडी लागली होती, की बस चालू झाली तर त्यांचा चेहरा पडायचा. बसला बॅटऱ्या दोन. सकाळी त्यातली एकच मेलेली असायची, आणि नेहमी तीच. साहेबांनी आधी बसला लेखी समज दिली. बस सुधारली नाही. मग त्यांनी धाकट्याला, म्हणजे बसच्या ड्रायव्हरच्या, दादाच्याच, मिस्त्री भावाला, बोलावून घेतलं.

"कुणीतरी करंट चोरतंय," साहेब म्हणाले होते. "चोर दाखव. आजच्या आज नोकरीवरून काढतो."

धाकट्याने सोड्याच्या पाण्याने बुरशी धुतली, ब्रश मारला. आता वायर स्वच्छ दिसली. बारीक, दुपदरी, एकाच बॅटरीला जोडलेली. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला नखाने सोडवता यावं म्हणून. पुढच्या माणसाचा एवढा विचार करणारा मिस्त्री धाकट्याने आयुष्यात एकच पाहिला होता. त्यानेच कान पिळून धाकट्याला हे काम शिकवलं होतं, आणि आता तो शेजारी उभा राहून आकाशाकडे बघत होता.

वायरीमागोमाग धाकटा बसमध्ये चढला. ती शेवटच्या बाकापाशी संपली. बाकावर पसरलेली गादी. कोपऱ्यात छोटा पंखा. दाढीचा आरसा, पेल्यात ब्रश, खिडकीच्या दांडीवर वाळत घातलेले दोन बनियन.

धाकट्याच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा घरात एक खोली कमी पडली होती. घर दादानेच बांधलेलं. धाकट्याला शिकवता शिकवता, मग त्याचं लग्न लावून देता देता, दादाचं स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं होतं. त्याला कुणीही 'जा' म्हटलं नाही. फक्त सगळे त्याच्यादेखत त्याच्या खोलीची मापं घेत होते. मग एक दिवस जेवताना दादाच म्हणाला, "कंपनीनं जागा दिलीय मला. हवेशीर आहे. चारी बाजूंनी खिडक्या."

"भाऊजींनी नशीब काढलं!" धाकट्याची बायको म्हणाली होती. जागा बघायला कुणी गेलं नाही. चारी बाजूंनी खिडक्या असलेली खोली कशी असते, असंही कुणाच्या मनात आलं नाही. घरात आधीच इतकी दाटी होती, त्यात संशयाला कुठे बसवणार?

दादा मागून चढून आला.

"खोटं नाही बोललो मी," तो म्हणाला. "मोजून बघ."

बाहेर साहेबांचे बूट वाजले. "सापडला का रे चोर?"

दादाने धाकट्याचं मनगट धरलं. नोकरी गेली की बाक गेला. बाक गेला की पुढे काय, याचा दादाने विचार केला नव्हता. किंवा रोज करत होता.

"उंदीर, साहेब!" धाकटा खिडकीतून ओरडला. "वायर कुरतडलीय. करतो नीट."

साहेब उंदरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेले. दोघे भाऊ बाकावर टेकले. दादाला हसू आलं. "उंदीर काय रे! निदान घूस तरी म्हणायचं. मोठा भाऊ आहे तुझा."

धाकटा हसला नाही. 'चल घरी' हे दोन शब्द अगदी ओठांशी येऊन उभे होते. मग त्याला घरी दादाच्या खोलीत बसवलेलं नवं कपाट दिसलं. सूनबाईंचा आरसा दिसला. आणि आरशात, का कोण जाणे, बायकोचा चेहरा.

"दादा, ऐक. हे असं चालणार नाही," तो म्हणाला. "असं नाही राहायचं आता तू."

दादा उठला, दांडीवरच्या बनियनांची घडी घालून घाईघाईने गादी गुंडाळू लागला.

"पंखा किती वॅटचा आहे?" धाकट्याने विचारलं. "तुला वेगळी बॅटरी बसवून देतो. कायमची."