गोळा कुठं थांबला

"पाय आणखी फाकवा, बाबा! मला मधली वाट दिसत नाहीये," एथना लांबून ओरडली.

"आणखी फाकवले तर मधोमध फाटेन मी! तू टाक."

लोक हसले. वळणाच्या तोंडाशी, रस्त्याच्या ऐन मध्यावर एथनाचा बाप डिनी क्रोवली तिला नेम दाखवायला उभा होता. दोन पावलांच्या मध्ये त्यानं उपटलेल्या गवताची जुडी ठेवली होती. लोखंडी गोळा त्या जुडीवर पडायचा, तिथून उसळून वळण घ्यायचा, आणि त्या क्षणी डिनीनं उडी मारून त्याला वाट द्यायची. जन्मभर तो हे करत आला होता. पण आता सत्तरी उलटली होती आणि गुडघे त्याचं ऐकेनासे झाले होते.

दोन्ही बाजूंच्या झुडपांना चिकटून सगळा गाव उभा होता. आभाळ सकाळपासून दाटलेलं होतं, पण घरी कुणी बसलं नव्हतं. कॉर्क परगण्यातल्या या रस्त्यांवर गोळा लांबवर घरंगळत टाकायच्या या खेळानं कुणाचं पोट भरत नाही. एथनासुद्धा आठवडाभर डेअरीत चीजचे खोके भरायची. तरी पक्का खेळाडू कुणाला म्हणायचं, यावरून इथं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. एथना दोनदा अंतिम सामना हरली, तेव्हा त्या पक्क्यांमधून तिचं नाव गावानं परस्परच काढून टाकलं. हात राक्षसाचा, काळीज कोंबडीचं, असं दारूच्या गुत्त्यात तिच्यादेखत बोललं जायचं. त्यात खोटं काही नव्हतं. रस्त्यात माणसं दिसली की गोळा सोडताना तिचा हात ढिला पडायचा. कुणाच्या नडगीवर बसला तर, हे मनात यायचंच.

आज तिसऱ्यांदा अंतिम सामना होता. आज हरले तर गोळा पुन्हा हातात धरायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिची आणि ब्रीज हर्लीची बरोबरी चालली होती आणि दोघींची एकेक फेक उरली होती. आधी एथना, मग ब्रीज. जिचा गोळा लांब जाईल ती जिंकली.

"रस्ता सोडा रे! सोडा रस्ता!" कुणीतरी ओरडलं. माणसं इंचभर सरकली आणि पुन्हा होती तिथं आली.

एथना धावत सुटली. हात डोक्यावरून गरकन फिरला आणि गोळा सुटला. सुटला तेव्हाच तिला कळलं, हात ढिला पडला नव्हता. असा गोळा तिच्या हातून आजवर सुटलाच नव्हता. तो बरोबर गवताच्या जुडीवर आपटला. डिनीनं उडी मारली, पण अर्धा क्षण उशीर झाला. कुंपणाची वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला. गोळा त्याच्या घोट्याला घासून वळणाआड निघून गेला, आणि डिनी रस्त्यावर आडवा झाला.

सगळे त्याच्याकडे धावले. एथनाही धावली. बापाच्या भोवती जमलेल्या गर्दीला वळसा घालून ती तशीच पुढं गेली, वळणाच्या पलीकडं.

परत आली तेव्हा बापाचं डोकं ब्रीजच्या घडी केलेल्या कोटावर होतं. ब्रीज नुसत्या स्वेटरवर, गुडघे टेकून त्याच्याजवळ बसली होती. डिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुठं थांबला?" त्यानं एथनाला विचारलं.

"काळ्या फाटकाच्या पुढं."

"फाटकाच्या पुढं!" डिनीनं डोळे मिटले. "आता ब्रीजची फेक. चल, ऊठ पोरी."

"काका, अहो पाय बघा तुमचा! दवाखान्याची गाडी येऊ दे आधी."

"गाडी येईल तेव्हा येईल. मला बाजूला ओढा. माझ्या पायासाठी सामना थांबवायचा नाही."

चौघांनी उचलून त्याला कडेच्या गवतावर ठेवलं. ठेवताना तो एकदाच ओरडला, पण ते ओरडणं सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं.

ब्रीज मागं जाऊन उभी राहिली. दुसरा एक जण वळणावर जाऊन पाय फाकवून उभा राहिला. तिनं गोळा हातात घेतला, खाली ठेवला, तळवे स्कर्टला पुसले आणि पुन्हा उचलला. ती धावली ती चांगली, पण हात वर जाताना तिची मान कडेच्या गवताकडं वळली. गोळा वळणाच्या कितीतरी अलीकडं झुडपांत शिरला.

एकच गलका झाला. कुणीतरी एथनाला खांद्यावर घेतलं. ती वर हलत होती, हसत होती, खालून येणारे हात हातात घेत होती. उंचावरून तिला गर्दीच्या पलीकडं बाप दिसला, आणि मग हसणं तोंडावर ठेवणं तिला जड जाऊ लागलं. "उतरवा मला," ती म्हणाली. दोनदा म्हणाली, तेव्हा कुठं त्यांनी तिला उतरवलं.

ती बापाजवळ आली. ब्रीज आधीच तिथं होती, कोट त्याच्या मानेखाली नीट सारत होती. डिनीनं तिचं मनगट धरलं होतं.

"हात तुझा हिच्याहून चांगला आहे, पोरी," तो धापा टाकत सांगत होता. "पण टाकताना तू माझ्याकडं बघितलंस."

"मग? कुणीही बघेल, काका!"

डिनीनं मोठ्या कष्टानं मान वळवली आणि उभ्या असलेल्या लेकीकडं पाहिलं. तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. त्याचा चेहरा मात्र अभिमानानं फुलून आला होता.

"हिनं नाही बघितलं," तो म्हणाला.