काचेचं झाकण

माझी पोरं कर्नाटकात ऊस तोडत होती आणि इकडं त्यांचा बाप वारला. गावच्या सेवा मंडळाकडं प्रेत ठेवायची थंड पेटी होती. पोरं येईपर्यंत द्या म्हणून मी अध्यक्ष अमरसिंहांपुढं पदर पसरला. कार्यकर्ते पेटी उचलायला उठले, अध्यक्षांनी त्यांना खाली बसवलं.

"पेटी सभासदांसाठी हाय, वच्छलाबाई. ऊसतोड्यांना कुठवर पुरंल?"

दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. पोरांना बापाचं तोंड दिसलं न्हाई.

पुढं पेटीची काच फुटली. नवं झाकण मी दिलं. देणगीवाले करतात तसं त्यावर आमच्या ह्यांचं नाव आणि मोठा फोटो छापून घेतला. मंडळानं सत्कार केला. शाल देताना अमरसिंह कॅमेऱ्याकडंच बघत होते.

काल त्यांचे वडील गेले. धाकटा भाऊ परदेशातून यायचा, म्हणून पेटीत ठेवले. आज तो आला, दर्शनाला वाकला आणि दचकला.

"दादा, हे कोण?"

फोटो बरोबर वडलांच्या तोंडावर आला होता. जागा मीच मापून दिली होती.

मी माझ्या पोरांना पुढं केलं.



"घ्या रे दर्शन. तुमच्या बापाचं राहिलं होतं."