मिक्सरमधल्या बिया

जेवणाचा भोंगा वाजला. सगळे डबे उघडून बसले, पण मिक्सर चालवणारा कवडू जेवायला आला नाही. काँक्रीट मिक्सरचा ड्रम त्याने झाडून घेतला, त्यात एक घमेले गिट्टी टाकली, एक घमेले रेती, आणि वर पिशवीतल्या बहाव्याच्या बिया ओतल्या. सिमेंट नाही, पाणी नाही.

“कावून गा कवडूभाऊ, बियायचं काँक्रीट करून राहिला का?” गिट्टी वाहणाऱ्या शेवंताने विचारले.

“साल टणक आहे यायचं. खरचटल्याबिगर पाणी आत जात नाही.”

बिया त्याच्या बायकोने, रुक्माने, गोळा केल्या होत्या. क्वार्टरपुढचा खड्डाही तिनेच खणला. झाड लावायच्या आत ती वारली. खड्डा बुजवून टाक म्हणून शेजारी सांगून थकले. कवडू दर पावसानंतर त्यातला गाळ उपसायचा.

नर्सरीचे मुकादम आनंदराव यांनी त्या बिया दोनदा पेरून पाहिल्या. एक कोंब आला नाही. उरलेली पिशवी आज सकाळी त्यांनी परत केली.

“मेल्या आहेत रे बाबा. उद्या वाफा गुलमोहराले देतो.”

‘मेल्या’ हा शब्द कवडूच्या गळी उतरला नाही. मिक्सरमध्ये गिट्टीचे कोपरे मोडतात, हे तो रोज पाहत होता. बी काय गिट्टीपेक्षा टणक?

दहा मिनिटे मिक्सर फिरवून त्याने सगळे चाळून घेतले. काही बिया फुटल्या होत्या. बाकीच्यांची चमक गेली होती. त्या त्याने बादलीत भिजत घातल्या आणि सकाळी बादली आनंदरावांपुढे नेऊन ठेवली. बिया फुगून दुप्पट झाल्या होत्या. पेरायला काढलेली गुलमोहराची पुडी त्यांनी परत खिशात घातली.

दहाव्या दिवशी वाफा हिरवा झाला.

अकराव्या दिवशी जेवणाच्या भोंग्याला आनंदराव खांद्यावर बहाव्याच्या बियांचे पोते घेऊन मिक्सरपाशी उभे. शेवंताने घास तसाच हातात धरला.

“घ्या, मुकादम बी लाइनीत लागले.”

आनंदरावांनी तिच्याकडे पाहिले नाही. “कवडूभाऊ, एवढं फिरवून देता का? पुऱ्या सेक्टर सहाले पुरते.”

“देतो. पण वाफ्यातलं पयलं रोप मले पाहिजे.”

“न्या ना. आधी खड्डा तर खणा.”

“तयार आहे,” कवडू म्हणाला आणि मिक्सर सुरू केला.