शंभर दाणे

आईनं ओलं गोणपाट उलगडलं, तेव्हा कृषी पदवीला पहिली आलेली शलोमी पुढं वाकली. तेरणेच्या पुरातून फक्त माळ्यावरचं सोयाबीन वाचलं होतं. त्यातलंच बियाणं दोन शेजाऱ्यांना द्यायचा शब्द आईनं दिला होता. पाच दिवसांपूर्वी प्रार्थना करून तिनं गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले होते. सत्तर उगवले, तरच बियाणं चांगलं. शलोमीनं उगवलेले दाणे दोनदा मोजले. अडुसष्ट. "सत्तर सांग. कोण बघतंय?" चुलते म्हणाले. "ज्याच्यापुढं हात जोडले, त्यो बघतोय," आई म्हणाली. "मग वहिनी, तुमच्या येशूला दोन दाणे जड झाले व्हय?" "म्या सत्तर मागितलेच न्हाईत, भाऊजी. खरं सांगायचं बळ मागितलं. शेजाऱ्यांना वाढीव बी देऊ. त्यापायी आपला अर्धा एकर पडीक राहू द्या." शलोमीनं पोत्यांवर ठळक अडुसष्ट लिहिलं. एवढ्या कमी मार्कांचा अभिमान तिला पहिल्यांदाच वाटला.